बंब ते बाँब

‘बाँब’ हा शब्द आमच्या पिढीने दोनच ठिकाणी ऐकला. एक वर्तमानपत्रात, आणि दुसरा दिवाळीत, सुतळीचा नाहीतर लक्ष्मीचा. न्हाणीघरात असायचा तो बंब. त्यामुळे भाचीने घरी केलेले ‘बाथ बाँब’ यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर नात्यातल्या घरोघरी पोचले, तेव्हा मला बरेच फोन आले. एका वहिनींनी ती बर्फी समजून बशीत मांडली होती म्हणे. दुसरीकडे तो कापराच्या डबीशेजारी देवघरात गेला.

तो पाण्यात टाकायचा असतो, हे आता सगळ्यांना कळले आहे. गरम पाण्यात पडला की फसफसतो, फिरतो, विरघळतो, मागे सुगंध आणि थोडे तेल ठेवतो. डब्यातली मराठी चिठ्ठी मात्र माझ्या हातची होती. तीत ‘घरी केलेला’ आहे, पण ‘नैसर्गिक’ हा शब्द नाही. तो का नाही, असे दोघी-तिघींनी विचारले. उत्तर फोनवर मावण्यासारखे नव्हते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देते.

आधी या बाँबचा जन्म. तो इंग्लंडमधला, १९८९ सालचा. डॉर्सेट परगण्यातल्या पूल या गावी मो कॉन्स्टंटाइन या बाईंनी आपल्या बागेतल्या शेडमध्ये तो तयार केला. पित्तावर घेतात ती अल्का-सेल्टझरची गोळी पाण्यात नाचताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे १९९५ मध्ये त्यांनी, त्यांच्या नवऱ्याने आणि सहकाऱ्यांनी ‘लश’ ही कंपनी काढली आणि हा गोळा जगभर गेला.

अल्का-सेल्टझर अमेरिकेतले, १९३१ चे. त्यात ॲस्पिरिनच्या जोडीला दोन गोष्टी असतात, खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड म्हणजे आपले लिंबूसत्त्व. बाथ बाँबमध्येही याच दोन मुख्य. आपल्याकडच्या ईनोतही याच दोन. फरक एवढाच, की आपल्याकडच्या ईनोच्या पुडीवर त्यांची नावे संस्कृतात असतात, स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्ल. नाव संस्कृत झाले की पावडर लगेच आश्रमातून आल्यासारखी वाटते, नाही का?

फसफसत्या पाण्यात अंघोळ करण्याची कल्पना मात्र १९८९ च्या पुष्कळ आधीची. जर्मनीत बाड नाउहाइम या गावी कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे असलेले गरम, खारट झरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शॉट बंधू नावाच्या डॉक्टरांनी तिथे हृदयरोग्यांना या पाण्यात बसवून उपचार करण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेचे पुढचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे वडील याच उपचारासाठी तिथे जात. १८९१ मध्ये लहानगा फ्रँकलिन तिथल्या गावच्या शाळेतही काही आठवडे बसला. ज्यांना नाउहाइम परवडत नसे, त्यांच्यासाठी डॉक्टर घरच्या टबातच सोडा आणि आम्ल मिसळून तसे पाणी तयार करून देत. म्हणजे आज चैन म्हणून विकली जाणारी गोष्ट एके काळी हृदयरोग्याचे औषध होती. (आपला गोळा चार-पाच मिनिटे फसफसतो. त्याने हृदय सुधारेल असे कृपया कोणी समजू नये.)

आता त्या दोन पांढऱ्या पावडरींकडे वळू.

पहिली सोडा. निसर्गात आयता सोडा मिळतो, आणि त्यासाठी परदेशी जायला नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने झालेले, आणि त्याचे पाणी खारे व सोड्याचे. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’त या ठिकाणी काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उरत आणि ते काढले जात. उत्तरेकडे खाऱ्या जमिनीतली झुडपे जाळून त्यांच्या राखेतून सज्जीखार काढत. स्वर्जिका म्हणजे हीच सज्जी. स्पेनच्या किनाऱ्यावरही समुद्राकाठची झुडपे जाळून असाच सोडा निघे.

पण जगाची काच आणि साबणाची भूक वाढली आणि झुडपे पुरेनाशी झाली. फ्रान्सला सोडा बाहेरून आणावा लागे. १७७५ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीने मिठापासून सोडा करण्याच्या रीतीला बक्षीस जाहीर केले. निकोलस लेब्लांक या वैद्याने ती रीत शोधली आणि १७९१ मध्ये तिचे पेटंट घेतले. सें-देनी इथे कारखानाही काढला. पण त्याचा आश्रयदाता होता ऑर्लियाँचा ड्यूक, आणि काळ राज्यक्रांतीचा. १७९३ मध्ये ड्यूक गिलोटिनखाली गेला आणि कारखाना सरकारजमा झाला. नेपोलियनच्या काळात तो परत मिळाला, पण चालवायला पैसा नव्हता. १८०६ मध्ये लेब्लांकने आत्महत्या केली. त्याच्या रीतीवर मोठे झाले ते दुसरेच, विशेषतः इंग्लंडातले कारखानदार.

त्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. आसपासची झाडे, शेते करपून जात. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेला ‘अल्कली ॲक्ट’ करावा लागला. हवेच्या प्रदूषणावरच्या जगातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने १८६१ मध्ये मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून त्यापेक्षा स्वच्छ आणि स्वस्त रीत काढली. या रीतीत आधी हाती लागतो तो खायचा सोडाच. तो भाजला की धुण्याचा सोडा होतो. आपल्याकडे १९३९ मध्ये टाटा केमिकल्सने बडोदे संस्थानातल्या ओखामंडळात, मिठापूरला, सोड्याचा कारखाना उभारण्यास सुरुवात केली. वाण्याकडच्या सोड्याच्या पुडीमागे हा सगळा दीडशे वर्षांचा खटाटोप आहे. लोणारचा क्षार आता कोणी काढत नाही, आणि काढूही नये. ते अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत गेले.

दुसरी पावडर लिंबूसत्त्व. नावात लिंबू आहे आणि एके काळी लिंबाचाच प्रताप होता. १७८४ मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले याने लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. मग शंभराहून जास्त वर्षे इटलीतली, विशेषतः सिसिलीतली लिंबे जगाला हे आम्ल पुरवत राहिली. रसात चुना घालून घट्ट साका करायचा, तो बोटीने परदेशी पाठवायचा आणि तिकडे त्यापासून आम्ल काढायचे, असा हा धंदा.

पहिल्या महायुद्धात तो विस्कळीत झाला. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, अमेरिकेत जेम्स करी नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की एक काळी बुरशी साखर खाऊन भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते. ही बुरशी आपल्या ओळखीची आहे. कांदा सोलताना सालीखाली काजळीसारखी काळी पूड दिसते ना, ती बहुधा हीच, ॲस्परजिलस नायजर. फायझर कंपनीने करीला हाताशी धरून १९१९ मध्ये या रीतीने उत्पादन सुरू केले. सिसिलीचा धंदा पुढच्या काही वर्षांत बसला. तिथल्या बागायतदारांचे काय झाले असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पण दुसरी बाजूही आहे. बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवण्याचा जो अनुभव फायझरला इथे मिळाला, तोच दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पेनिसिलिन ढिगाने करताना कामी आला.

म्हणजे आज दुकानातले लिंबूसत्त्व लिंबातून येत नाही, ते बुरशीच्या टाकीतून येते. आणि दोन्ही पावडरी पाण्यात भेटल्यावर जे उरते ते सोडियम सायट्रेट. १९१४ मध्ये ब्रसेल्स आणि ब्युनॉस आयर्सच्या डॉक्टरांनी हेच रसायन रक्तात मिसळून ते गोठू न देता रोग्याला चढवले. त्यातूनच पुढे रक्त साठवून ठेवणे शक्य झाले.

हे सगळे भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मग सोडा-बिडा सोडून लिंबूच पिळते. ते तरी नैसर्गिक ना?” तिथेच तर गंमत आहे. लिंबाच्या रसात पाणी असते. कोरड्या पावडरी शेजारी शेजारी महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने राहतात. पाण्याचा स्पर्श होताच आम्ल जागे होते आणि वायू सुटतो. लिंबू पिळले तर सगळी फसफस परातीतच संपेल, अंघोळीला उरेल नुसता चिखल. कोरडे, शुद्ध आम्ल हाती आले, म्हणूनच हा गोळा बनला.

“पण सगळे लिहितात गं,” ती म्हणाली, “शंभर टक्के नैसर्गिक.” लिहोत बापडे. मला त्या शब्दाची अडचण वाटते ती अशी, की तो लिहिला की लेब्लांक, करी, सॉल्व्हे, मिठापूरचे कामगार सगळे पुसले जातात. जणू या पावडरी झाडाला लागल्या होत्या आणि आपण तोडून आणल्या. माणसाने डोके लढवून केलेली वस्तू वाईट असते असे मी मुलांना कधी शिकवले नाही. आणि झुडपे जाळून केलेला सोडा घरी केला तरी चांगलाच, असेही नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘घरी केलेला’ लिहिले आणि खाली आत काय काय आहे ते सगळे.

कृती विचारणाऱ्यांसाठी: दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सगळे चाळून कोरडे मिसळायचे. त्यात दोन-तीन चमचे खोबरेल आणि चार थेंब वाळ्याचे अत्तर. मग पाण्याचा अगदी हलका फवारा, मुठीत दाबले तर मुटका राहील इतपतच. जास्त झाले तर परातीतच उकळी फुटते. दाबून गोळे करायचे आणि एक दिवस पूर्ण वाळल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर आतला वायू झाकण उडवेल. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा उद्योग करूच नये. हळद घालू नका, पंचे पिवळे होतात. जखम असेल तर वापरू नका, झोंबते.

भाचीच्या घरी टब नाही. टबाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि तिच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. तिने केलेले गोळे लिंबाएवढे आहेत ते यासाठीच. अर्धी बादली गरम पाणी, त्यात एक गोळा, आणि त्यात पाय. माझी ताई, म्हणजे तिची आई, दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहे. रात्री ताईला झोप लागली की ती वीस मिनिटे न्हाणीघराचे दार लावून स्टुलावर बसते. “गोळ्याचं निमित्त गं मावशी. तो विरघळतोय म्हटलं की घरातले हाक मारत नाहीत,” असे ती म्हणाली.

ते ऐकल्यापासून मला आमचा बंब आठवतो आहे. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बाँबा’वरून आला असे मानतात. त्या भाषेत त्याचा अर्थ पंपही आणि बाँबही. म्हणजे हे दोघे सख्खेच निघाले! पहाटे आई गोवऱ्या आणि ढलप्या घालून बंब पेटवी. जितके पाणी काढाल तितके वरून भरायचे, हा घरचा कायदा. आजोबा, मग वडील, मग शाळेची मुले. विसण घालून एकेकाला घंगाळ भरून द्यायचे काम तिचेच. तिची स्वतःची अंघोळ या सगळ्यांच्या आधी, अंधारात, बंब तापायच्याही आधी, दोन तांब्यांत उरकलेली असे. दिवसातल्या त्या एवढ्या गरम पाण्यातले तिच्या वाट्याला काय आले, हे आम्हा भावंडांपैकी कोणी कधी विचारले नाही. बाळंतपणातली न्हाणी सोडली, तर तिला सावकाश अंघोळ करताना मी पाहिलेले आठवत नाही.

आराम गोळ्यात नसतो, तो गरम पाण्यात असतो, आणि त्याहून जास्त त्या लावलेल्या दारात. सोड्याचा आणि आम्लाचा इतिहास लिहिलेला सापडतो. घराघरांत गरम पाणी कोणाला आधी आणि वेळ कोणाला किती मिळाला, हा इतिहास कुठे लिहिलेला नाही. तुमच्या घरी बंब कोण पेटवत असे, आणि त्या व्यक्तीची अंघोळ कधी होई, आठवत असेल तर जरूर कळवा.