पहिले ‘जागतिक’ अजिंक्यपद : बर्फावरील मोटारसायकल-शर्यतीचा १९६६ चा हंगाम

क्रीडेच्या इतिहासात ‘जागतिक’ हे विशेषण इतक्या सहजतेने योजिले जाते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बर्फावरील मोटारसायकल-शर्यतीच्या बाबतीत ही तपासणी विशेष उद्बोधक ठरते. १९६६ साली आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या विद्यमाने या खेळाचे पहिले वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद लढविले गेले आणि सोव्हिएत संघाचा गब्द्रखमान कादिरॉव्ह विजयी झाला. त्या हंगामात नेमके काय जागतिक झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानी घ्यावयास हवे. लंबवर्तुळाकार मार्गावर चार स्वार चार फेऱ्या मारतात. पहिल्यास तीन, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक गुण मिळतो. वाहनास ब्रेक नसतो. चाकांत सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे टोकदार खिळे बसविलेले असतात व तेच बर्फाची पकड घेतात. त्यामुळे स्पीडवेप्रमाणे मागचे चाक घसरवीत वळण घ्यावे लागत नाही. स्वार वाहन इतके कलंडवितो की, हँडलचे डावे टोक बर्फास जवळजवळ टेकते.

या खेळाची रशियन भाषेतील नावेही विचारणीय आहेत. तेथे स्पीडवेला ‘जळक्या कोळशाच्या मार्गावरील शर्यत’ व या खेळाला ‘बर्फाच्या मार्गावरील शर्यत’ अशा अर्थाचे शब्दप्रयोग रूढ झाले. इंग्रजीतही आरंभीचे ‘डर्ट-ट्रॅक’ हे नाव पृष्ठभागावरूनच पडले होते. पुढे ‘स्पीडवे’ या शब्दाने वेग पुढे आणला व भूमी मागे सारली. रशियन नावाने भूमीची आठवण टिकविली, आणि या खेळाच्या इतिहासाचे मर्मही तेथेच आहे.

कादिरॉव्ह हा ऊफा शहराचा. बाश्कीर स्वायत्त प्रजासत्ताकाच्या या राजधानीत हिवाळा दीर्घ व कडक असतो. परंतु केवळ थंडीनेच विजेते घडत असते, तर उत्तरेकडील कितीतरी देश पुढे आले असते. दुसरे कारण संस्थात्मक होते. सैन्यदलांच्या साहाय्यार्थ १९५१ साली स्थापन झालेल्या ‘दोसाफ’ या संघटनेने यांत्रिक खेळांना देशभरच्या मंडळांतून आश्रय दिला. तिसरे कारण मात्र सीमेपलीकडचे होते. ‘ईसो’ हे शर्यतीचे वाहन चेकोस्लोव्हाकियातील दिविशोव्ह येथे तयार होई. १९६४ मध्ये तो कारखाना आपल्याकडेही परिचित असलेल्या ‘जावा’ उद्योगात विलीन झाला. सोव्हिएत स्वारांच्या यशात या परकीय वाहनाचा वाटा मोठा होता.

पुढील निकाल याच चौकटीत वाचावे लागतात. कादिरॉव्हने १९६६, १९६८, १९६९ व १९७१ ते १९७३ अशी सहा अजिंक्यपदे मिळविली; १९६७ चे बोरिस सामोरोदॉव्हकडे गेले. १९७० साली आंतोनिन श्वाब व १९७४ साली मिलान श्पिंका या चेकोस्लोव्हाक स्वारांनी ती परंपरा खंडित केली. म्हणजे पहिल्या नऊ वर्षांत जगाचे विजेतेपद केवळ दोन देशांत फिरत राहिले. या दोहोंबाहेरचा पहिला विजेता, स्वीडनचा एरिक स्टेनलुंड, १९८४ साली दिसतो.

तेव्हा १९६६ साली ‘जागतिक’ झाली ती पदवी. खेळ मूठभर गावांचाच राहिला. म्हणून ती पदवी पोकळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. राजधानीपासून दूर असलेल्या ऊफासारख्या शहराचे नाव तिनेच युरोपच्या क्रीडाजगतात पोचविले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, मार्चमध्ये महासंघाने रशिया व बेलारूस यांच्या खेळाडूंना निलंबित केले, तेव्हा या विसंगतीची दुसरी बाजू उघड झाली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा विचार निराळा. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे ध्यानी ठेवावे की, अन्य खेळांत अशा निर्णयाने अनेकांतील एक स्पर्धक वगळला जातो. येथे ज्या भूमीवर हा खेळ मुख्यत्वे वाढला, तीच वगळली गेली. पदवी मागे राहिली, ‘जागतिक’ हा शब्दही राहिला. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक हंगामाच्या नोंदीतून पुन्हा ठरवावा लागेल.