करवतीने कापलेला जिल्हा

तर मंडळी, झालं असं की मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला गावी जायचं ठरलं आणि पुतण्यासाठी काय न्यायचं हा प्रश्न पडला. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विदर्भात पोराटोरांचा पोळा भरतो. बैल खरे नसतात, चाकांवर ओढायचे लाकडी नंदी असतात. पोरं ते सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा गोळा करतात. नंदी करून देतो गावातला वाढई, म्हणजे तुमच्या भाषेत सुतार.

नंदी तर पुतण्याकडे होताच. माझ्याकडे होती दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली स्क्रोल सॉ. म्हटलं, आपण भंडारा जिल्ह्याचं पझल करू. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. सात तालुके, सात तुकडे. मे महिन्यातल्या एका विकांताला आंब्याच्या फळीवर नकाशा चिकटवला आणि बाल्कनीत बसून कापून काढला. एकदम फिट्ट बसला. मी खूश!

ऑगस्टमध्ये साकोलीजवळच्या आमच्या घरी डबा उघडला आणि एका पझलमध्ये दोन बग निघाले.

पहिला बग लगेच दिसला. तुकडे चौकटीतून निघेचनात. पावसाळ्याची हवा पिऊन फळी फुगली होती. मी कापलेली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, ती फुगण्यातच संपली. पुतण्याने नंदीचं डोकं हातोडीसारखं वापरून लाखांदूर मोकळं केलं, पण त्याची खुंटी तुटली ती तुटलीच.

दुसरा बग आज्जीने काढला. तिने चौकटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काहून रे बापू, अर्धा जिल्हा कुठी ठेवला?"

आधी पहिल्या बगबद्दल. पुण्याला परत आल्यावर या खेळाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की मी अडीचशे वर्षं जुन्या प्रॉब्लेमवर डोकं आपटत होतो.

जिगसॉ पझलचं श्रेय बहुतेक वेळा लंडनच्या जॉन स्पिल्सबरीला दिलं जातं. हा नकाशे कोरणारा कारागीर. १७६० च्या दशकात त्याने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि भूगोल शिकवायचं साधन म्हणून विकले. म्हणजे पझलचा जन्मच मुळी नकाशातून झाला. गिऱ्हाईक अर्थातच श्रीमंत घरांतली मुलं. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची देखरेख करणारी लेडी शार्लट फिंच अशाच कापलेल्या नकाशांवर राजपुत्रांना शिकवायची. तिचं मॅहॉगनीचं नकाशांचं कपाट आजही जपून ठेवलेलं आहे. पुढे १७८३ साली त्याच राजाला अमेरिकेच्या १३ वसाहतींचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं, म्हणजे एक मोठा तुकडा हातातून गेलाच :)

त्या काळी हे सगळं हाताच्या बारीक करवतीने चालायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायच्या करवती घरोघरी आल्या आणि हौशी लोकांना नक्षीकामाचं वेडच लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पार्कर ब्रदर्सची लाकडी पझल्स इतकी खपली की १९०९ मध्ये त्यांनी बाकीचे खेळ बाजूला ठेवून पझलवरच जोर दिला. कापणाऱ्या बहुतेक मुली होत्या. १९३० च्या मंदीत काम गेलेल्या सुतारांनी घरीच पझल कापून विकली, भाड्यानेसुद्धा दिली. त्याच सुमारास साच्याने कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त पझल्स आली आणि लाकडी पझल हौसेची वस्तू होऊन बसलं.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला तो प्लायवूडचा. अखंड फळी रेषेच्या आडव्या दिशेला फुगते आणि आकसते, आणि बारीक खुंटी रेषेला आडवी आली की मोडते. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. त्यामुळे तो कमी हलतो आणि खुंट्याही टिकतात. माझं लाखांदूर का मोडलं ते तेव्हा कळलं.

म्हणून व्हर्जन दोन ६ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवर केलं. ज्यांना हा नाद लागणार आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. पातं ताणून बसवा. बोटाने छेडलं की तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मशीनचं टेबल पात्याशी बरोब्बर काटकोनात आहे ना ते गुण्याने तपासा, नाहीतर तुकडा एकाच बाजूने निघतो. वळणावर पात्याला रेटू नका, लाकूड हळूहळू फिरवा. सागवान वापरणार असाल तर पाती जास्त आणून ठेवा, त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते. पॉलिश कापायच्या आधी करा. नंतर केलंत तर ते कडांवर साचतं आणि तुकडे अडकतात. मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन पातळ हात दिले. लाखेचा किडा पळसावर वाढतो आणि आमच्याकडे पळसाला तोटा नाही. कापून झाल्यावर खालच्या बाजूचा भुसा बारीक पॉलिश पेपरने अलगद काढा, पण कडा घासू नका. आणि मास्क लावा हो, भुसा फुप्फुसात जातो.

आता दुसरा बग.

आज्जीचं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आमच्या गावापासून फार लांब नाही, पण जिल्हा वेगळा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मी तेव्हा रांगत होतो. माझ्यासाठी भंडारा म्हणजे पहिल्यापासून सातच तुकडे. आज्जी मात्र अजूनही माहेर "भंडाऱ्यातच" सांगते, आणि तिच्या हिशोबाने मी तिचं माहेर कापून फेकलं होतं.

आणि ही कापाकापी पहिलीच नव्हे. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८६७ पासून बालाघाट जिल्हा बांधायला घेतला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही भाग गेला. १९५६ मध्ये भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एका जागी बसलेल्या माणसाचा पत्ता इतक्या वेळा बदलला! या प्रत्येक रेषेला कारण असेलच, आणि गोंदियाच्या लोकांना जिल्ह्याचं ऑफिस जवळ आलं हे तर चांगलंच झालं. पण स्पिल्सबरीची मुलं नकाशा जोडताना सीमा पाठ करत होती, आणि मीही नेमकं तेच करत होतो. रेषेच्या पलीकडे कोणाचं माहेर आहे हे माझ्या फायलीत नव्हतंच.

म्हणून व्हर्जन दोनमध्ये १५ तुकडे आहेत. भंडाऱ्याचे सात, गोंदियाचे आठ. प्रत्येक जिल्ह्याच्या आत खुंट्या घातल्या, तुकडे एकमेकांत घट्ट अडकतात. दोन जिल्ह्यांच्या मधल्या सीमेवर मात्र एकही खुंटी ठेवली नाही. दोन्ही भाग शेजारी ठेवले तर बरोबर जुळतात, नाहीतर वेगवेगळे उचलता येतात. चौकट एकच.

दिवाळीत नेऊन दिलं. पुतण्याने पंधरा मिनिटांत लावलं आणि लगेच मोडलं, त्याला मोडण्यातच जास्त मजा येते. आज्जीने अर्जुनी मोरगावचा तुकडा उचलला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "माझ्या गावाचं नाव नाही लिहिलं."

व्हर्जन तीनची रिक्वायरमेंट आली आहे. नवीन पाती मागवली आहेत.