तुटीची वाटणी

माझे आजोबा पांझरेकाठचे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. जुनं साल सांगताना ते आकडा क्वचितच घेत. ‘त्या वर्षी दोनच फड भिजले,’ म्हणाले की समजायचं, साल ओढीचं होतं.

पांझरा, मोसम, आरम या धुळे-नाशिककडच्या नद्यांवर काही शतकं फड पद्धत नांदली. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या रानाचे बहुधा चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पिकांची पाळी फिरायची. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पिकं राखायचा, पाटातला गाळ काढायला सगळे उतरायचे.

या पद्धतीचं खरं शहाणपण कमी पावसाच्या साली दिसे. नदीचं पाणी पाहून किती फड भिजवायचे, हे गाव बसून ठरवी. बहुतेकांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असत. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर झळ सगळ्यांना बसे. आबा म्हणत, ‘पानी समदासनं शे.’ पाणी सगळ्यांचं, म्हणून टंचाईही सगळ्यांची.

आजीच्या आठवणी बहात्तरच्या दुष्काळाच्या. खडी फोडायला ती गेली होती, कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली होती. लाल मिलोच्या भाकरीचं नाव निघालं तरी तिचा चेहरा बदलायचा. पण त्या हालांतून महाराष्ट्राने एक कायमची गोष्ट उभी केली. दुष्काळी कामांच्या अनुभवाने रोजगार हमी योजनेला बळ आलं, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशानेही रोजगाराच्या हमीचा कायदा केला. काम मागणं हा हक्क ठरला.

पुढे मात्र आपण जमिनीच्या पोटात शिरलो. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, बोअर आले. ज्याची मोटर जोरकस त्याचं पाणी. मग एकत्र बसायचं कशाला? फड एकेक करून मोडत गेले. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हातारी माणसं म्हणत, बहात्तरला पाणी होतं, दाणा नव्हता. आता दुकानात दाणा आहे, पाणी नाही. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

आता पाऊसच बदलला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एका दिवसात रान वाहून नेणारा पाऊस, मग लांबलेली उघडीप. अशा वेळी पाणी अडवायला हवं, जिरवायला हवं, मातीत सेंद्रिय कस वाढवून ओल धरायला हवी. पण अडवलेलं पाणी कुणाचं, हे न ठरवता केलेला बंधारा शेवटी सर्वांत खोल बोअरलाच पोसतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे ओळखलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथली ग्रामसभा पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. फडाच्या बैठकीचंच हे आजचं रूप मला वाटतं.

फडाची उणीवही आजीनेच सांगितली होती. बैठकीला जमीनवाले पुरुष बसत. डोईवर हंडे वाहणाऱ्या बायकांना आणि भूमिहीनांना तिथे जागा नव्हती. आजच्या ताळेबंदात पहिला आकडा पिण्याच्या पाण्याचा हवा, दुसरा गुरांचा, मग पिकांचा. आणि तो मांडताना ही सगळी माणसं समोर हवीत.

हवामानबदलाची तयारी म्हटलं की आपल्याला यंत्रं आणि निधी आठवतात. ती लागतीलच. पण तूट आली तर आधी कोण थांबेल, कुणाची भरपाई कशी होईल, हे विहिरींना पाणी असतानाच ठरवायला हवं. तळ दिसू लागल्यावर माणसं वाटणी करत नाहीत, भांडतात. गावोगावी ही बैठक पावसाळा सरताच, रब्बीच्या पेरणीआधी व्हावी आणि तिचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक असावा.