पांजरपोळ, मुंबई

भुलेश्वर येथील पशुआश्रय संस्था, स्थापना १८३४. संस्थापकांत पारशी व्यापारी जमशेटजी जिजीभॉय (‘सर’ ही पदवी १८४२ ची, म्हणजे नंतरची) आणि जैन सावकार मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा यांची नावे घेतली जातात. संस्थेची गणना सहसा जैन जीवदयेच्या परंपरेत होते. स्थापनेचा काळ पाहिला तर मात्र ती शहरातल्या एका तंट्यावरची तडजोडही ठरते. कंपनी सरकारच्या नियमानुसार ठरावीक हंगामात भटकी कुत्री मारली जात आणि मारणाऱ्यास बक्षीस मिळे. जून १८३२ मध्ये पोलीस पाळीव कुत्रीही मारतात, अशी तक्रार झाली आणि कोटातले (फोर्ट भागातले) पारशी बिथरले. प्रेत कुत्र्याच्या नजरेस पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा अंत्यविधी लक्षात घेता हा राग समजण्यासारखा आहे. दुकाने बंद झाली, छावणीची रसद अडली. हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही बंदात उतरले आणि दंगल उसळली. लष्कराने ती मोडली. त्यानंतर मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेण्याचा तोडगा पुढे आला आणि दोन वर्षांनी पांजरपोळ उभी राहिली. खर्च व्यापाऱ्यांनी मालावर स्वतःच बसवलेल्या लाग्यातून (उपकरातून) निघे.

सुरत-भडोचकडे पांजरपोळी आधीपासून होत्या, मग दंगलीला एवढे महत्त्व कशाला, असा आक्षेप येतो. नमुना गुजरातचा हे मान्यच. पण पारशी शेटजी आणि जैन सावकार एका चोपडीवर का आले, याचे उत्तर त्या नमुन्यात सापडत नाही. दुसरा आक्षेप युरोपीय निरीक्षकांचा: असाध्य दुखण्याचे जनावर न मारता ठेवणे हीच क्रूरता. आक्षेप पोकळ नाही. मात्र पांजरपोळ म्हणजे दवाखाना नव्हे. उपचारांची सोय मुंबईत पुढे झाली: १८७४ मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाली आणि १८८० च्या दशकात परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई पशुरुग्णालय आले. १८३४ मध्ये भटक्या कुत्र्यापुढे दुसरा पर्याय शिपायाच्या सोट्याचा होता. संस्थेचे मोल त्याच्याशी ताडून ठरवावे.

शाखा: कल्याणजवळ रायते, इतरत्रही.

कुत्र्यांवरून सुरू झालेल्या या संस्थेच्या भुलेश्वरच्या आवारात आज मुख्यतः गायी आहेत.