जत्रेचा वारसदार

नांदेड–हिंगोली रस्त्यावरचे आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. हळद शिजवून, वाळवून बाजारात गेली की या भागातल्या घरांत उन्हाळी सुट्टीचे बेत सुरू होतात आणि त्यात शिर्डी हमखास असते. नांदेडहून रेल्वेने नगरसोल, तिथून शिर्डी, ही वाट आता सगळ्यांच्या पायाखालची झाली आहे. समाधीचे दर्शन झाल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न पडतो. शिर्डीत त्याला दोन उत्तरे शेजारी-शेजारी उभी आहेत. एक ‘वेट एन जॉय’ हे वॉटर पार्क, दुसरे ‘साईतीर्थ’ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क. दोन्ही संगमनेरच्या मालपाणी समूहाने उभारली. एकाच घराण्यातल्या या दोन बहिणी. घरातली थोरली माणसे साईतीर्थाकडे बोट दाखवतात, मुले पाण्याकडे ओढतात, आणि वाद बहुधा ‘आपली परंपरा’ विरुद्ध ‘परकी मौज’ असा मांडला जातो. ही मांडणी मला चुकीची वाटते. आपल्या भागातल्या सहलीचा, म्हणजे जत्रा-यात्रेचा इतिहास नीट पाहिला, तर परके वाटणारे वॉटर पार्क जुन्या रीतीच्या जास्त जवळचे ठरते. परंपरेचा पोशाख घातलेले साईतीर्थ मात्र वेगळ्याच, तुलनेने नव्या घराण्यातले निघते.

सुट्टी घेऊन सहकुटुंब फिरायला जाणे ही कल्पना इकडे शाळा आणि नोकरीसोबत आली, पण सहकुटुंब बाहेर पडणे फार जुने आहे. ते घडायचे जत्रेच्या निमित्ताने. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. तिथे देवाची पालखी निघते, भंडारा उधळला जातो. त्याच माळावर घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार भरतो, लाल कंधारी आणि देवणी जनावरांवर सौदे होतात, कुस्त्यांचा आखाडा रंगतो आणि तमाशाचे फड उभे राहतात. भटक्या जमातींच्या पंचायतीही तिथेच बसत आल्या. खुद्द हिंगोलीचा दसरा खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने १८५५ पासून चालत आल्याचे सांगतात. रामलीला, रावणदहन आणि त्याच मैदानालगतचे प्रदर्शन, ज्यात आकाशपाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने असतात, हा सगळा एकच सण मानला जातो. देव, सौदा आणि खेळ यांच्यात भिंत नव्हती. घरातली बाई दर्शन करून बांगड्या भरायची, गडी बैल पाहायचा, पोरे पाळण्यात बसायची, आणि संध्याकाळी सगळे बैलगाडीपाशी जमून भाकरी सोडायचे. जत्रेत माणूस देवाला पाहायला यायचा हे खरे, पण पाहणे हा तिथल्या दिवसाचा छोटा भाग होता. चालणे, वाकणे, भिजणे, उचलणे, घासाघीस करणे यातच दिवस जायचा.

पाळणा तरी इंग्रजांकडूनच आला, असे कोणी म्हणेल. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने लोखंडी चक्र उभे केले आणि तेव्हापासून त्याचे नाव त्या यंत्राला चिकटले, हे खरे. पण माणसाच्या हाताने फिरवायच्या लाकडी चक्रांची वर्णने सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी तुर्कस्तानातून लिहून ठेवली आहेत आणि आपल्याकडचा रहाटपाळणा त्याच कुळातला. उलट युरोपातली करमणुकीची उद्यानेही जत्रांतूनच निपजली. कोपनहेगनचे तिवोली १८४३ चे. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले, तेव्हा जत्रेला कुंपण, एक कथा आणि एक मालक मिळाला. पाण्याचे स्वतंत्र उद्यान त्यानंतर दोन दशकांनी आले. जॉर्ज मिले यांनी १९७७ साली ऑरलँडोत उघडलेले ‘वेट एन वाइल्ड’ हे पहिले आधुनिक वॉटर पार्क मानले जाते. महाराष्ट्रात ही जोडी लवकर रुजली. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले आणि १९९८ मध्ये त्याच्या कुशीत वॉटर किंगडम. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ चे आणि त्याचे वॉटर पार्क पुढच्याच वर्षीचे. कारण साधे आहे. आपली मोठी सुट्टी एप्रिल-मेची. लोखंडी झुल्यांच्या रांगेत भर उन्हात उभे राहण्यापेक्षा पाण्यात उतरणे माणसाला सोसते. शिर्डीत मात्र क्रम उलटा झाला. तिथे पाणी आधी आले आणि देव मागाहून, म्हणून ही जोडी तपासण्यासारखी आहे.

साईतीर्थात काय आहे? एका दालनात यंत्राने हलणारे-बोलणारे साईबाबा द्वारकामाईत बसलेले दिसतात. ‘तीर्थयात्रा’ नावाच्या फेरीत प्रेक्षक गाडीत बसतो आणि देशातल्या मोठ्या देवळांच्या प्रतिकृती एकामागून एक त्याच्यासमोरून सरकतात. ‘सबका मालिक एक’ हा बाबांवरचा चित्रपट आहे, आणि ‘लंका दहन’ हा पंचमितीचा खेळ, ज्यात खुर्ची हलते, वारा अंगावर येतो. कारागिरी मन लावून केलेली आहे, यात शंका नाही. पण या चारही गोष्टींत समान काय, ते पाहा: माणूस बसलेला आहे, अंधार आहे, आणि देव त्याच्याकडे चालत येतो. हे नाते यात्रेचे नव्हे, सिनेमाचे. आणि त्याचा मूळ पुरुषही मराठीच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ नावाचाच मूकपट काढला. अण्णा साळुंके या एकाच नटाने त्यात राम आणि सीता दोघेही रंगवले होते. पडद्यावर राम दिसताच लोक पायातली पायताणे काढून ठेवत, असे त्या काळाबद्दल सांगतात. पुढे तंबूतला सिनेमा जत्रेतच शिरला आणि देवाचे चित्र बसून पाहण्याची सवय खेडोपाडी पोचली. साईतीर्थ हा त्या तंबूचा आजचा, वातानुकूलित अवतार आहे. घराणे थोर आहे, पण वय शंभर-सव्वाशे वर्षांचे. माळेगावच्या माळाइतके जुने नाही.

फरक समजण्यासाठी लांब जायला नको. आखाडा बाळापूरच्या माणसाला औंढा नागनाथ घरचे आहे. तिथल्या हेमाडपंती देवळात लिंग सभामंडपाच्या पातळीवर नाही. खाली, तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे. तिथे जायला अरुंद भोकातून, डोके आणि खांदे आकसून, दगडी पायऱ्यांवर बूड टेकत टेकत उतरावे लागते. खाली छत इतके ठेंगणे की बसल्याशिवाय इलाज नसतो. बाहेर येताना घामाने अंग भिजलेले असते, गुडघे दगडाने घासलेले असतात, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने वर यायला हात दिलेला असतो. हे दर्शन अंगाने घेतलेले असते. ‘तीर्थयात्रे’च्या गाडीतून औंढ्यासारखे देऊळ समोरून गेले, तरी त्यातला हा वाकण्याचा आणि हात देण्याचा भाग गाडीत बसत नाही. यात्रेतून कष्ट आणि परक्याचा स्पर्श काढून टाकले की जे उरते ते यात्रेचे चित्र असते. चित्र पाहण्यात पाप नाही. त्याला यात्रा म्हणू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

यावर हिंगोलीचाच दाखला देऊन कोणी अडवू शकेल: रामलीलाही बसूनच पाहतात की. आक्षेप वजनदार आहे, आणि साईतीर्थाचा एक धागा रामलीलेपर्यंत जातो हे मी मान्य करतो. पण रामलीलेचे पाहणे उघड्या मैदानातले आहे. रावणाचा बांबूचा सांगाडा उभा राहताना पोरांनी आधीच पाहिलेला असतो. हनुमान झालेल्या नटाच्या पाया पडायला लोक मंचाजवळ जातात. कंटाळा आला तर उठून पाळण्याकडे जाता येते, पुन्हा येऊन बसता येते, मध्येच शेजाऱ्याशी बोलता येते. प्रेक्षक आणि खेळ यांच्यातली ती ये-जा अंधाऱ्या दालनात ठरावीक मिनिटांच्या खेळाने बंद होते. दार लागले की खेळ संपेपर्यंत प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत एकटा.

आता शेजारचे पाणी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मोठी यात्रा पाण्याने सुरू होते: पंढरपूरला चंद्रभागा, पैठणला आणि नांदेडला गोदावरी. स्नानाच्या घाटावर आजोबा ते तान्हे मूल एकाच वेळी पाण्यात असतात. एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणे, पोराला नाक धरून बुचकळणे, थोरल्याने धाकट्याचा हात न सोडणे, यातच अर्धे सुख असते. वॉटर पार्कातल्या लाटांच्या तलावात नेमके हेच घडते. भोंगा वाजतो, भिंतीमागच्या खोल्यांतून हवेच्या दाबाने पाणी ढकलले जाते, लाट येते, आणि शेकडो अनोळखी माणसे हात धरून एकदम ओरडतात. तिथे कोणी प्रेक्षक नसतो. आत जाण्याआधी नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात, कारण सुती कापडाचे धागे आणि रंग गाळणयंत्रात अडकतात. त्या कपड्यांत सावकार आणि सालगडी, साहेब आणि शिपाई सारखेच दिसतात. जत्रेच्या गर्दीने माणसाला जे थोडा वेळ द्यावे, ते हे पाणी देते. ‘पण त्यात पुण्य कुठे?’ असे थोरले विचारतील. पुण्य नाहीच. पुण्याचा हिशेब समाधी मंदिरात झालेला असतो. यात्रेतल्या ज्या दुसऱ्या अर्ध्या भागाला कधी नावच दिले गेले नाही, त्याची सोय पाण्याने केली आहे.

जुन्या पाण्याबद्दल हळवे होताना एक गोष्ट विसरता येणार नाही. ते पाणी सगळ्यांचे नव्हते. गावोगावी पाणवठे जातीने वाटलेले होते, आणि सार्वजनिक तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसे घेऊन जावे लागले. म्हणून जत्रेची तारीफ करणाऱ्याने ती कोणासाठी खुली होती, हेही सांगितले पाहिजे. माझ्या मते हा मुद्दा वॉटर पार्कच्या बाजूने जातो. लाटांच्या तलावात उतरणाऱ्याला जात कोणी विचारत नाही, आणि एकाच पाण्यात सगळ्या जातींच्या बायका-मुलांनी तासन् तास खेळणे ही मराठवाड्याच्या इतिहासात लहान गोष्ट नाही. अडसर उरला आहे तो पैशाचा, आणि तो खरा अडसर आहे.

पैशाइतकाच खरा प्रश्न दुष्काळाचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. अशा प्रदेशातल्या लोकांनी पाण्यात खेळायला जावे का? तलावातले पाणी रोज बदलत नाहीत. ते गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवले जाते, आणि नुकसान मुख्यतः बाष्पीभवनाचे आणि गाळण्या धुण्याचे. तरी टंचाईच्या वर्षी टँकरवर जगणाऱ्या गावाशेजारी असा तलाव भरलेला असणे समर्थनीय नाही. त्या वर्षी तो बंद ठेवावा. पण टंचाई नसलेल्या वर्षीही पाण्याचा आनंद म्हणजे उधळपट्टी, असे मानणारा माणूस घाटावरच्या स्नानालाही तेच म्हणेल काय, हे त्याने सांगावे.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो: गुडघे दुखणाऱ्या आजीने पाण्यात काय करायचे? साईतीर्थ तिला खुर्ची देते, सावली देते, जी देवळे ती कधी पाहू शकणार नाही ती दाखवते. या बाबतीत भक्तीचे उद्यान खरोखर सरस आहे आणि आजी असलेल्या घराने तिच्यासाठी तिथे जरूर जावे. वॉटर पार्कात ती काठावर, भिजल्या कपड्यांच्या पिशव्या सांभाळत बसते, आणि तेही पुष्कळदा पूर्ण तिकीट काढून. पण हा दोष पाण्याचा नाही, दारावरच्या एकरकमी तिकिटाचा आहे. जत्रेत आत यायला पैसे पडत नाहीत. पाळण्याचे पाळण्याला, मौत का कुआँचे त्याला वेगळे, आणि काठावर बसून पाहणाऱ्याला काहीच नाही. डिस्नेलँडही सुरुवातीला बरेचसे असेच चाले. फाटकापाशी थोडके पैसे, आणि प्रत्येक झुल्याची कुपने वेगळी. ही कुपनांची वही १९८२ मध्ये बंद झाली आणि सरसकट एकच दर आला. हिंगोलीच्या दसऱ्याच्या मैदानावर मात्र ज्याने जे वापरले त्याचे पैसे द्यायचे, ही रीत अजून टिकून आहे. शिर्डीच्या दोन्ही बहिणींनी जुन्या जत्रेकडून आणखी काही घ्यायचे असेल, तर काठावर बसणाऱ्यांसाठी वेगळे, नाममात्र तिकीट आणि आजीला दुपारी शेजारच्या दालनात जाता येईल अशी एकच चिठ्ठी, एवढे घ्यावे.