महाडचा मंडप कसा उभा राहिला

विहारात एखादा कार्यक्रम ठरला की आपल्या बैठकीत नेहमीचे प्रश्न निघतात. मंडप कुठे घालायचा? पाण्याचं काय? बाहेरगावच्या मंडळींच्या जेवणाचं काय? पोलिसांची परवानगी मिळाली का? मग कुणीतरी वैतागून म्हणतोच, "एवढ्या अडचणीत कार्यक्रम व्हायचा कसा?"

बंधू-भगिनींनो, १९२७ साली महाडला हेच प्रश्न उभे होते, आणि तिथली बहुतेक अडचण तर मुद्दाम निर्माण केलेली होती. चवदार तळे आणि मनुस्मृतीचे दहन आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यामागे किती तयारी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. खुले झाले, पण कागदावर! तळ्यात गुरेढोरे पाणी पीत होती, आपल्या माणसाला मात्र काठावर जाण्याची सोय नव्हती. ठराव झाला, उद्घाटन तेवढे राहून गेले.

ते उद्घाटन २० मार्च १९२७ रोजी झाले. १९ आणि २० मार्चला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशी मंडळी त्यासाठी राबली. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी कुठून आणायचे? तळे हाकेच्या अंतरावर, आणि पाणी मात्र चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे लोक रांगेने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ना फीत, ना नारळ. पण खरे उद्घाटन तेच.

त्याचा सूड लगेच उगवला. देवळात शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या लोकांना मारहाण झाली, त्यांचे अन्न मातीत कालवले गेले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून 'शुद्धी' झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला. तेव्हा बाबासाहेबांनी पुन्हा महाडला जायचे ठरवले. तारीख पडली २५ डिसेंबर.

या वेळी विरोधक सावध होते. पहिली नाकेबंदी जागेची. मंडपासाठी कुणी जमीन देऊ नये म्हणून दबाव आला. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. आपल्या इतिहासात हे नाव विसरता कामा नये. दुसरी नाकेबंदी धान्याची. महाडचे व्यापारी माल देईनात, म्हणून स्वागत समितीने धान्य आणि इतर सामान बाहेरगावाहून आणून भरले. हजारो माणसांच्या चुली त्यावर पेटल्या.

तिसरा प्रश्न प्रवासाचा. मुंबईहून धरमतरला उतरून पुढे मोटारीने जाणे जवळचे होते. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटले तर? म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्या सोबतची मंडळी 'पद्मावती' बोटीने लांबच्या मार्गाने दासगावला आली. तिथून महाड पाचेक मैल. गाडी नाही मिळाली तर पाय आहेत, हा त्यामागचा हिशोब! याला म्हणतात नियोजन.

चौथी अडचण सगळ्यांत अवघड. विरोधक कोर्टात गेले आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. आता तळ्याला हात लावणे म्हणजे कायदा मोडणे.

तरीही २५ डिसेंबरला परिषद भरली. बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची आठवण दिली. ही सभा नुसत्या पाण्यासाठी नाही, समतेचा पाया घालण्यासाठी आहे, असे त्यांनी बजावले. रात्री मंडपासमोर खणलेल्या वेदीत, चंदनाच्या लाकडांवर, मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

पण तळ्याचे काय? लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. कलेक्टर येऊन, कोर्टाच्या निकालापर्यंत थांबा, असे सांगून गेले. बाबासाहेबांनी विचार केला, लोकांना समजावले आणि सत्याग्रह तहकूब ठेवला. त्याऐवजी हजारोंची मिरवणूक तळ्याभोवती शिस्तीत फिरली. पाण्याला कुणी हात लावला नाही. तापलेल्या माणसांना थांबवणे हे मंडप उभारण्यापेक्षा कठीण काम. ते त्या दिवशी झाले. मग लढाई कोर्टात गेली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण तळे कायद्यानेही खुले झाले.

महाडच्या त्या समितीजवळ ना पैसा होता, ना सत्ता. एक दार बंद झाले की दुसरे कुठले उघडते, हे त्यांनी आधीच हेरून ठेवले होते. आज आपल्याला विहाराचे छप्पर आहे, नळाला पाणी आहे, वाण्याकडे उधारीही मिळते. तेव्हा यापुढे बैठकीत कुणी "कसं व्हायचं?" असं म्हणाला, तर त्याला धान्याची ती पोती आणि दासगावचा तो रस्ता आठवून द्यावा. आणि मग वर्गणीचे पावतीपुस्तक त्याच्याच हातात द्यावे.

जयभीम!