युनिक्सचं मॅन्युअल आणि एआय एजंटची टूल्स

आज गोष्ट एका जुन्या मॅन्युअलची. एआय एजंटसाठी टूल बनवणाऱ्या प्रत्येकापुढे आज जो प्रश्न आहे, तो या मॅन्युअलने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी हाताळला होता. प्रश्न साधा आहे: आपलं टूल काय करतं, हे ते वापरणाऱ्याला नेमकं कसं सांगायचं?

साल १९७१. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवत होते. त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला, की हे सगळं नीट लिहून काढा. त्यातून 'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल' तयार झालं. पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१.

या मॅन्युअलची खरी गंमत त्याच्या साच्यात आहे. प्रत्येक कमांडचं वेगळं पान आणि सगळ्या पानांना तेच मथळे. आधी नाव आणि एका ओळीत काम, मग वापरायची रीत, मग वर्णन. पुढे संबंधित फाइल्स, 'हेही पाहा' आणि एरर आली तर तिचा अर्थ. शेवटी दोन मथळे, 'बग्स' आणि 'ओनर'.

'बग्स' हा मथळा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याच कामातल्या उणिवा त्यांनी छापून ठेवल्या! फाइल पुसणारी 'आरएम' कमांड घ्या. युनिक्समध्ये फाइल पुसायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथली परवानगी पुरते. म्हणजे 'फक्त वाचा' म्हणून जपलेली फाइलही उडू शकते. नुसतं 'फाइल पुसते' एवढं लिहिलं असतं, तर ते खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्याचं नुकसान टळलं नसतं.

पुढे कमांड्स वाढल्या. मग बीएसडी युनिक्समध्ये 'अप्रोपो' आली. तुम्ही एक शब्द द्यायचा, ती मॅन्युअलमधल्या त्या एका ओळीच्या ओळखी चाळून जुळणाऱ्या कमांड्स दाखवणार. म्हणजे बघा, ओळख धड लिहिलेली नसेल तर उत्तम कमांडसुद्धा कुणाला सापडायची नाही.

आता येऊ या २०२३ मध्ये. जूनमध्ये ओपनएआयने 'फंक्शन कॉलिंग' आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. दोन्हीकडे टूलची ओळख करून द्यायची ती नाव, वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या रूपात द्यायची याचा आराखडा, या तीन गोष्टींतून. मॉडेलला आतला कोड सहसा दिसत नाही. कुठलं टूल उचलायचं, हे ते या मजकुरावरून ठरवतं.

समजा, वर्णनात लिहिलंय, 'तारीख द्या'. मॉडेलने ०४-०३ दिलं. आपल्याकडे ही ४ मार्च, अमेरिकेत ३ एप्रिल. 'आधी वर्ष, मग महिना, मग दिवस' एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो. किंवा समजा, दोन टूल्स आहेत: 'ऑर्डर बंद करा' आणि 'ऑर्डर रद्द करा'. पैसे कशात परत जातात? हे लिहिलं नाही, तर एजंट अंदाज बांधणार आणि भुर्दंड तिसऱ्यालाच बसणार. २०२५ च्या मार्चमध्ये त्या प्रोटोकॉलमध्ये 'हे टूल काही नष्ट करू शकतं' अशी खूण करायची सोय आली. पण ती निव्वळ सूचना आहे, कुलूप नव्हे.

आता तो शेवटचा मथळा, 'ओनर'. तिथे कमांड लिहिणाऱ्याचं नाव असे. पान वाचून कळलं नाही, तर त्या माणसाला जाऊन विचारता येई. एजंट मात्र काम करताना टूल लिहिणाऱ्याकडे जाऊ शकत नाही. त्याच्या हातात असतं फक्त ते पान.

म्हणून टूलचं वर्णन लिहून झालं, की एक करून बघा. ज्याला तुमचा प्रकल्प ठाऊक नाही, अशा माणसाला ते वाचायला द्या. टूल कधी वापरायचं, कधी नाही, काय बिघडू शकतं, हे त्याने सांगावं. त्याने तुम्हाला जो पहिला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर वर्णनात हवं होतं.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात!